डॉ. न्कोसाझाना ड्लामिनी-झुमा : वैद्यक ते राज्यकारभार – एका राजकीय कारकीर्दीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यांत डॉक्टरांचा सहभाग लक्षणीय आहे. मलावीचे हेस्टिंग्ज बांडा आणि अंगोलाचे आगोस्तिन्यो नेतो हे दोघेही पेशाने डॉक्टर होते आणि पुढे आपापल्या देशाचे राष्ट्रप्रमुख झाले. वसाहतवादी व वर्णद्वेषी राजवटींत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला जी मोजकी व्यावसायिक क्षेत्रे खुली होती, त्यांत वैद्यक हे एक महत्त्वाचे क्षेत्र होते. त्यामुळे सुशिक्षित नेतृत्वाचा एक भाग वैद्यकीय महाविद्यालयांतून घडला, हे स्वाभाविकच होते. मात्र या नेतृत्वाच्या अभ्यासात एक प्रश्न बहुधा मागे पडतो. रुग्णाच्या हितासाठी निर्णय घेण्याची सवय लागलेली व्यक्ती जेव्हा शासनकर्ती होते, तेव्हा तिच्या कारभारावर त्या सवयीचा परिणाम कसा होतो?

दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. न्कोसाझाना ड्लामिनी-झुमा यांची कारकीर्द या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते. १९९४ ते २०२४ या तीस वर्षांत त्यांनी आरोग्य, परराष्ट्र व्यवहार, गृह, सहकारी शासन अशी विविध खाती सांभाळली. मधल्या काळात त्या आफ्रिकी संघाच्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या. नेल्सन मंडेला, थाबो म्बेकी, क्गालेमा मोटलांथे, जेकब झुमा आणि सिरिल रामफोसा या पाचही राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळांत त्यांनी काम केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकीर्दीचे टप्पे, त्यांची साध्ये आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

जडणघडण : वर्णद्वेष, वैद्यक आणि निर्वासन

ड्लामिनी-झुमा यांचा जन्म २७ जानेवारी १९४९ रोजी तत्कालीन नाताळ प्रांतात झाला. त्याच्या आदल्याच वर्षी नॅशनल पार्टी सत्तेवर येऊन वर्णभेदाला अधिकृत राज्यधोरणाचे स्वरूप प्राप्त झाले होते. आठ भावंडांत त्या थोरल्या. झुलुलँड विद्यापीठातून प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विषयांत १९७१ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी नाताळ विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला.

दरबान येथील ही वैद्यकीय शाखा कृष्णवर्णीय, भारतीय वंशाच्या आणि मिश्रवर्णीय विद्यार्थ्यांसाठी होती. वर्णभेदाच्या धोरणातून निर्माण झालेली ही संस्था त्याच धोरणाच्या विरोधाचे एक केंद्र बनली, हा इतिहासातील एक विरोधाभास होय. कृष्ण-जाणिवेच्या चळवळीचे प्रणेते स्टीव्ह बिको हे याच शाखेचे विद्यार्थी होते. त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या दक्षिण आफ्रिकी विद्यार्थी संघटनेत ड्लामिनी-झुमा सक्रिय झाल्या व १९७६ मध्ये तिच्या उपाध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी सोवेटोच्या विद्यार्थी उठावानंतर दडपशाहीची लाट उसळली आणि त्यांना देश सोडावा लागला.

निर्वासित अवस्थेत त्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातून १९७८ मध्ये वैद्यकीय पदवी पूर्ण केली. काही काळ इंग्लंडमधील रुग्णालयांत काम केल्यानंतर त्या स्वाझीलंड (आताचे एस्वातिनी) येथील म्बाबाने शासकीय रुग्णालयात बालरोग विभागात रुजू झाल्या. तेथेच त्यांचा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे भूमिगत कार्यकर्ते जेकब झुमा यांच्याशी विवाह झाला. १९९८ मध्ये हा विवाह घटस्फोटाने संपुष्टात आला. १९८६ मध्ये त्यांनी लिव्हरपूल येथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतून बालआरोग्यातील पदविका घेतली आणि त्यानंतर लुसाका येथे पक्षाच्या आरोग्य विभागात काम केले. १९९० मध्ये पक्षावरील बंदी उठल्यावर त्या मायदेशी परतल्या.

या पूर्वायुष्यातील दोन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे त्यांचे वैद्यकीय कार्य मुख्यतः बालकांच्या, म्हणजेच टाळता येण्याजोग्या मृत्यूंच्या क्षेत्रात होते. त्यातून सार्वजनिक आरोग्याची त्यांची दृष्टी तयार झाली. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे राजकीय शिक्षण निर्वासित व भूमिगत संघटनेत झाले. अशा संघटनेत शिस्त आणि गोपनीयता यांना मोल असते. जाहीर चर्चेला तेथे वाव कमी असतो. या दोन्ही संस्कारांची छाया त्यांच्या कारभारावर दिसते.

आरोग्यमंत्री (१९९४-१९९९) : व्यवस्थेची पुनर्रचना

मे १९९४ मध्ये मंडेला यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य खाते आले. वारशाने मिळालेली व्यवस्था विस्कळीत होती. वंश व 'स्वायत्त प्रदेश' यांच्या आधारावर देशात चौदा स्वतंत्र आरोग्य विभाग अस्तित्वात होते. शहरांतील गौरवर्णीयांसाठी अत्याधुनिक रुग्णालये होती, तर ग्रामीण कृष्णवर्णीय वस्त्यांत साधा दवाखानाही दुर्मीळ होता. हे चौदा विभाग एका राष्ट्रीय रचनेत विलीन करणे हेच पहिले कार्य ठरले.

सहा वर्षांखालील बालके व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी मोफत आरोग्यसेवेची घोषणा मंडेला यांनी १९९४ मध्येच केली. १९९६ पासून प्राथमिक आरोग्यसेवा सर्वांसाठी मोफत करण्यात आली. ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर दवाखाने उभारण्यात आले. डॉक्टरांची उणीव भरून काढण्यासाठी क्यूबाशी करार करून तेथील डॉक्टर आणण्यात आले, आणि १९९८ पासून नव्या डॉक्टरांना एक वर्षाची सामाजिक सेवा सक्तीची झाली. या दोन्ही निर्णयांना वैद्यकीय व्यावसायिकांतून तीव्र विरोध झाला. परंतु मंत्री आपल्या भूमिकेवर ठाम राहिल्या. ग्रामीण सेवेच्या सक्तीचा प्रश्न महाराष्ट्रातही दीर्घकाळ चर्चेत असल्याने या संघर्षाचे स्वरूप येथील वाचकास अपरिचित वाटणार नाही.

१९९६ च्या कायद्याने स्त्रियांना सुरक्षित गर्भपाताचा अधिकार मिळाला. १९९९ च्या तंबाखू नियंत्रण दुरुस्ती कायद्याने तंबाखूच्या जाहिराती व प्रायोजकत्व यांवर बंदी आली आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर निर्बंध आले. या दोन्ही प्रश्नांवर धार्मिक गट व तंबाखू उद्योग यांसारखे प्रभावी विरोधक समोर असताना त्यांनी माघार घेतली नाही.

औषधांचा प्रश्न आणि मुंबईशी असलेला संबंध :

त्यांच्या आरोग्यमंत्रिपदाच्या काळातील सर्वांत दूरगामी निर्णय १९९७ च्या औषधविषयक दुरुस्ती कायद्याचा होय. या कायद्यातील '१५ क' या कलमाने मंत्र्यांना औषधे परवडणाऱ्या दरात उपलब्ध करून देण्याचे अधिकार मिळाले. एकाच कंपनीचे औषध ज्या देशात स्वस्त असेल तेथून आयात करण्याची तरतूदही त्यात होती. बौद्धिक संपदेचा भंग होत असल्याचा आक्षेप घेऊन फेब्रुवारी १९९८ मध्ये औषधनिर्मात्यांची संघटना व सुमारे चाळीस कंपन्या न्यायालयात गेल्या. अमेरिकेनेही व्यापारी दबाव आणला. जगभर संताप व्यक्त झाल्यानंतर एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी हा दावा मागे घेतला.

या लढ्याचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये, दावा प्रलंबित असतानाच, मुंबईस्थित सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा उपचार सेवाभावी वैद्यकीय संघटनेस प्रतिरुग्ण वर्षाला ३५० डॉलर या दराने देऊ केला. पेटंटधारक कंपन्यांचा याच उपचाराचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनास नव्हे, तर केवळ त्याच्या निर्मितिप्रक्रियेस संरक्षण दिले असल्यामुळेच भारतीय कंपन्यांना ही क्षमता प्राप्त झाली होती. प्रिटोरियातील कायदा आणि मुंबईतील उत्पादन यांचा मेळ नसता, तर औषधांच्या किमतींचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पटावर इतक्या ठळकपणे आला नसता. नोव्हेंबर २००१ च्या दोहा घोषणेत सार्वजनिक आरोग्याला पेटंटहक्कांच्या वर स्थान देणारे जे तत्त्व मान्य झाले, त्यामागे या संघर्षाची पार्श्वभूमी आहे. तोपर्यंत ड्लामिनी-झुमा आरोग्य खात्यातून बाहेर पडल्या होत्या. तथापि या कायद्याचे कर्तृत्व त्यांच्याकडेच जाते.

एड्सविषयक धोरण : कारकीर्दीतील गंभीर अपयश

उपरोक्त यशाच्या जोडीने त्याच पाच वर्षांतील अपयशाचीही नोंद घेणे आवश्यक आहे. शासकीय प्रसूतिपूर्व तपासणीत एचआयव्हीबाधित आढळणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण १९९४ मध्ये ७.६ टक्के होते; १९९९ मध्ये ते २२.४ टक्क्यांवर पोहोचले. साथीचा वेग शासकीय प्रयत्नांच्या कितीतरी पुढे होता, आणि शासनाचे काही निर्णय परिस्थिती अधिक बिकट करणारे ठरले.

पहिले प्रकरण 'साराफिना २' या संगीतनाटकाचे. एड्सविषयक जनजागृतीसाठी १९९५ मध्ये नाटककार म्बोंगेनी न्गेमा यांना सुमारे १ कोटी ४२ लाख रँडचे कंत्राट देण्यात आले. निविदाप्रक्रियेतील दोष, अवाजवी खर्च आणि नाटकातील एड्सविषयक संदेशाचा कमकुवतपणा यांवर कठोर टीका झाली. लोकपालांनी १९९६ च्या अहवालात खात्याच्या कार्यपद्धतीवर ताशेरे ओढले व प्रकल्प गुंडाळावा लागला. मंत्र्यांचा वैयक्तिक लाभ सिद्ध झाला नाही. परंतु संसदेपुढे व वृत्तपत्रांपुढे त्यांनी घेतलेली बचावात्मक, किंबहुना ताठर भूमिका लोकांच्या स्मरणात राहिली.

दुसरे प्रकरण 'व्हिरोडीन' या कथित औषधाचे. जानेवारी १९९७ मध्ये प्रिटोरियातील संशोधकांनी थेट मंत्रिमंडळापुढे या औषधाची माहिती सादर केली. त्यातील प्रमुख घटक औद्योगिक वापरातील एक विषारी द्रावक होता. औषध नियंत्रण परिषदेने मानवी चाचण्यांस परवानगी नाकारली. त्यानंतरच्या काळात परिषद व शासन यांच्यात संघर्ष वाढत गेला आणि १९९८ मध्ये परिषदेच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. वैज्ञानिक पुराव्याची शिस्त ज्यांच्या शिक्षणाचा पाया होती, त्याच मंत्र्यांच्या काळात वैज्ञानिक नियामक संस्थेवर राजकीय दबाव यावा, ही बाब चिंतनीय आहे.

तिसरा व सर्वांत गंभीर निर्णय ऑक्टोबर १९९८ मधील. एझेडटी या औषधाचा अल्प मुदतीचा वापर केल्यास मातेकडून बाळाकडे होणारा संसर्ग निम्म्याच्या आसपास घटतो, असे थायलंडमधील चाचणीतून त्याच वर्षी स्पष्ट झाले होते. तरीही शासकीय रुग्णालयांत हे औषध न देण्याचा निर्णय खर्चाचे कारण देऊन जाहीर झाला. मर्यादित निधी संसर्ग-प्रतिबंधाच्या शिक्षणावर खर्च करावा, असा युक्तिवाद होता. लोकसंख्येच्या पातळीवर विचार करणाऱ्या सार्वजनिक आरोग्याच्या चौकटीत हा युक्तिवाद सर्वस्वी असंबद्ध नव्हता. परंतु ज्या बालकांच्या आरोग्यासाठी त्यांनी मोफत सेवेचे धोरण राबविले, त्याच बालकांना जन्मतः होणारा टाळता येण्याजोगा संसर्ग या निर्णयामुळे कायम राहिला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १० डिसेंबर १९९८ रोजी, झॅकी अखमत व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार हक्क मोहीम सुरू केली. याच चळवळीच्या याचिकेवर २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने संसर्ग रोखणारे औषध देण्याचा आदेश शासनास दिला.

म्बेकी यांच्या काळातील एड्स-नाकाराच्या धोरणाची जबाबदारी ड्लामिनी-झुमा यांच्यावर टाकणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. औषधोपचार वेळेवर सुरू न झाल्याने २००० ते २००५ या काळात तीन लाख तीस हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासकांच्या संशोधनात मांडला आहे. तो काळ त्यांच्या उत्तराधिकारी डॉ. मान्टो त्शाबालाला-म्सिमांग यांचा आहे. मात्र नियामक संस्थेला दुय्यम लेखण्याची आणि रुग्णसंघटनांच्या टीकेला विरोधकांचे राजकारण समजण्याची प्रवृत्ती त्याआधीच रुजली होती, हेही नाकारता येत नाही.

परराष्ट्रमंत्री व गृहमंत्री (१९९९-२०१२) :

१९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या म्बेकी यांनी त्यांच्याकडे परराष्ट्र व्यवहार खाते सोपविले. आफ्रिकेतील संघर्ष आफ्रिकी मध्यस्थीने मिटविणे हे म्बेकी यांच्या धोरणाचे सूत्र होते. काँगो व रवांडा यांच्यातील जुलै २००२ चा प्रिटोरिया करार हे त्याचे एक फलित होय. याउलट झिंबाब्वेतील दडपशाहीविषयी जाहीर टीका न करण्याचे 'मूक मुत्सद्देगिरी'चे धोरण वादग्रस्त ठरले, आणि त्याचा ठाम पुरस्कार त्यांनी केला.

भारताच्या दृष्टीने या काळातील दोन घटना उल्लेखनीय आहेत. २००१ मध्ये दरबान येथे भरलेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. जातिभेदाचा प्रश्न या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा, असा आग्रह भारतातील दलित संघटनांनी धरला होता व भारत सरकारने त्यास विरोध केला होता. महाराष्ट्रातील आंबेडकरी चळवळीतही या परिषदेची मोठी चर्चा झाली. दुसरी घटना ६ जून २००३ ची. ब्राझिलिया येथे भारताचे यशवंत सिन्हा, ब्राझीलचे सेल्सो अमोरिम आणि ड्लामिनी-झुमा या तीन परराष्ट्रमंत्र्यांनी भारत-ब्राझील-दक्षिण आफ्रिका संवाद मंचाची पायाभरणी केली.

डिसेंबर २००७ च्या पोलोक्वाने अधिवेशनात त्या म्बेकी गटाकडून पक्षाच्या उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या व पराभूत झाल्या. म्बेकींवर मात करणारे उमेदवार त्यांचे पूर्वीचे पती होते. असे असूनही २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या झुमा यांनी त्यांना गृह खाते दिले. ओळखपत्रे व पारपत्रे देणारे हे खाते भ्रष्टाचार व दिरंगाईसाठी कुप्रसिद्ध होते. त्यांच्या काळात खात्याच्या लेख्यांना अनेक वर्षांनंतर लेखापरीक्षकांचा अनुकूल अभिप्राय मिळाला. प्रशासकीय शिस्त हे त्यांचे बलस्थान होते, हे यावरून दिसते.

आफ्रिकी संघाचा आयोग (२०१२-२०१७) :

जुलै २०१२ मध्ये गॅबनच्या ज्याँ पिंग यांचा पराभव करून त्या आफ्रिकी संघाच्या आयोगाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मोठ्या राष्ट्रांनी या पदासाठी उमेदवार देऊ नये, हा अलिखित संकेत मोडला गेल्याने काही देशांत नाराजी होती. खंडाच्या पन्नास वर्षांच्या विकासाचा आराखडा असलेला 'अजेंडा २०६३' त्यांच्या कार्यकाळात, २०१५ मध्ये, स्वीकारला गेला. २०१४ च्या इबोला साथीत आफ्रिकी संघाचा प्रतिसाद विलंबाने आला, अशी टीका झाली. तथापि नंतर शेकडो आफ्रिकी आरोग्यसेवक पश्चिम आफ्रिकेत पाठविण्यात आले. या अनुभवातूनच आफ्रिकेचे स्वतःचे रोगनियंत्रण केंद्र उभे राहिले व जानेवारी २०१७ मध्ये त्याचा औपचारिक प्रारंभ झाला. कोविडच्या काळात हे केंद्र खंडाच्या आरोग्यव्यवस्थेचा आधार ठरले.

सत्तास्पर्धा, कोविड आणि निवृत्ती :

डिसेंबर २०१७ मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत रामफोसा यांना २४४० व ड्लामिनी-झुमा यांना २२६१ मते मिळाली. केवळ १७९ मतांनी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष होण्याची संधी हुकली. त्यांच्या उमेदवारीला जेकब झुमा गटाचा पाठिंबा होता, आणि त्या गटावरील भ्रष्टाचाराच्या आरोपांचा भार त्यांनाही वाहावा लागला.

रामफोसा यांच्या मंत्रिमंडळात २०१९ पासून त्या सहकारी शासन खात्याच्या मंत्री होत्या. आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये कोविडकाळातील नियम काढण्याचा अधिकार त्यामुळे त्यांच्याकडे आला. १ मे २०२० पासून तंबाखूविक्री सुरू होईल असे राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले असता, अवघ्या काही दिवसांत ड्लामिनी-झुमा यांनी बंदी कायम असल्याचे घोषित केले. ऑगस्टपर्यंत टिकलेल्या या बंदीमुळे अवैध व्यापार फोफावला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. १९९९ च्या तंबाखूविरोधी कायद्याशी या निर्णयाची तुलना उद्बोधक आहे. हेतू तोच होता; परंतु पहिल्या वेळी संसदेतील चर्चेतून संमत झालेला कायदा टिकला, तर दुसऱ्या वेळी मंत्र्याच्या अधिकारातून निघालेला नियम न्यायालयात टिकला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये फाला फाला प्रकरणी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध चौकशीच्या ठरावाच्या बाजूने त्यांनी पक्षादेश झुगारून मतदान केले. पक्षशिस्तीत वाढलेल्या नेत्याची ही कृती अपवादात्मक होती. मार्च २०२३ मध्ये त्यांच्याकडे महिला, युवक व दिव्यांगविषयक जबाबदारी देण्यात आली. २०२४ च्या निवडणुकीनंतर त्यांची मंत्रिपदाची कारकीर्द समाप्त झाली.

निष्कर्ष :

ड्लामिनी-झुमा यांच्या कारकीर्दीतून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, बालरोग विभागातील अनुभवाने त्यांना आजाराची सामाजिक कारणे ओळखण्याची दृष्टी दिली. मोफत प्राथमिक सेवा, औषधांच्या किमतींविरुद्धचा लढा व तंबाखू नियंत्रण ही त्याची चिरस्थायी फळे होत. दुसरा, हीच दृष्टी जेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांना दूर सारून राबविली गेली, तेव्हा ती अपयशी ठरली. 'साराफिना २', व्हिरोडीन, एझेडटी आणि २०२० ची तंबाखूबंदी या चारही प्रसंगी हेतूविषयी शंका घेण्यापेक्षा पद्धतीविषयी शंका घेणे अधिक न्याय्य ठरते. तिसरा, त्यांच्या निर्णयांतील चुका ज्या संस्थांनी दाखवून दिल्या, त्या लोकपाल, न्यायालय, औषध नियंत्रण परिषद व नागरी चळवळी या १९९४ च्या लोकशाही क्रांतीने निर्माण केल्या किंवा बळकट केल्या होत्या. आणि त्या क्रांतीसाठी स्वतः ड्लामिनी-झुमा यांनी तारुण्यात देशत्याग पत्करला होता.

वैद्यकात निदान अचूक असले तरी रुग्णाची संमती घ्यावी लागते. लोकशाही शासनात नागरिकांच्या संमतीचे स्थान तेच असते, आणि ती मिळविण्यासाठी निर्णयाची कारणे सांगणे व विरोध ऐकून घेणे अपरिहार्य असते. तज्ज्ञांच्या हाती सत्ता सोपविल्यास राज्यकारभार आपोआप निर्दोष होतो, हा समज सुशिक्षित वर्गात व्यापक आहे. या कारकीर्दीचा अभ्यास त्या समजाला आधार देत नाही. ज्ञान आणि सद्हेतू यांना उत्तरदायित्वाची जोड नसेल, तर त्याची किंमत सर्वांत दुर्बल घटकांना मोजावी लागते, हे १९९८ ते २००२ या काळात संसर्गासह जन्मलेल्या बालकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.